सवाई गंधर्व महोत्सव : मांडवातील सुखदुःखे

(श्रींच्या उत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



गोव्यातील देवालयांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला, गाणे ही तिकीट काढून आणि रांगेत उभे राहून ऐकावयाची वस्तू आहे, हे पटावयास थोडा वेळ लागतो. येथे चौघडा, पालखीपुढचे गायन, नवरात्रातील मखराच्या वेळचे कीर्तन आणि जत्रेच्या रात्रीचे नाटक ही सारी देवाची सेवा म्हणून झाली. ऐकणारा त्या सेवेचा साक्षीदार असे. त्याच्याकडून कोणी पैसा मागितला नाही आणि त्यालाही काही मागण्याचा अधिकार नव्हता. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी ही सारी या भूमीतली माणसे. पैकी अभिषेकींचे तर आडनावच श्रीमंगेशाच्या अभिषेकाच्या सेवेवरून आलेले. अशा प्रदेशातला रसिक पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात प्रथम पाऊल टाकतो, तेव्हा त्याला एकाच वेळी दोन गोष्टी जाणवतात. एक, हे सारे ओळखीचे आहे. दुसरी, येथे देव्हारा नाही. मात्र व्यासपीठावर एक तसबीर असते, आणि कलावंत बैठक घेण्यापूर्वी तिला नमस्कार करतो.

ती तसबीर रामचंद्र गणेश कुंदगोळकर यांची. जन्म १८८६, धारवाडच्या मुलुखातला. गुरू किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून त्यांनी ‘सवाई गंधर्व’ हे नाव मिळवले, आणि पुढे नाटक सोडून ते गवईच राहिले. अखेरच्या वर्षांत अर्धांगवायूने त्यांचा गळा बंद पडला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना स्वर दिला, त्याने स्वतः मुके होऊन शिष्यांचे गाणे ऐकत दिवस काढावे, याहून कठोर प्रारब्ध गवयाच्या वाट्याला काय येणार? १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्या वर्षी, १९५३ साली, त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त आर्य संगीत प्रसारक मंडळाने हा उत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी हे शिष्य पुढे आले. त्यांतही भीमसेनांनी तो अंगावर घेतला.

भीमसेनांच्या चरित्रात एक प्रसंग आहे, तो या विषयाशी इतका जवळचा आहे की सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्याच्या वेडाने त्यांनी अकराव्या वर्षी गदगचे घर सोडले. ग्वाल्हेर वगैरे ठिकाणी भटकत ते पंजाबात जालंधरला पोहोचले. तेथे देवी तलाव या देवस्थानाच्या परिसरात १८७५ पासून हरवल्लभ संगीत संमेलन भरते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत. त्या संमेलनासाठी आलेले विनायकराव पटवर्धन यांनी या मुलाला सांगितले की, गुरूसाठी इतक्या दूर फिरण्याचे कारण नाही. तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मुलगा परतला, कुंदगोळला राहिला, पाणी भरले, शिकला. म्हणजे देवळाच्या आवारात उघड्यावर भरलेल्या एका संगीतमेळ्याने ज्याला गुरूचा पत्ता दिला, त्यानेच पुढे त्या गुरूच्या नावाने दुसरा मेळा उभा केला. मेळ्यात काय मिळते, असा प्रश्न विचारणाऱ्याला एवढे एक उत्तर पुरे व्हावे.

गोमंतकीयांच्या वाट्याला मात्र हा उत्सव उशिरा आला. त्याची पहिली वर्षे नेमकी अशी होती की, गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि १९५५ पासून तर सीमेवरची रहदारी व आगगाडी जवळजवळ बंदच पडली. पुण्यात कोण गायले हे येथे रेडिओवरून किंवा मागाहून आलेल्या वर्तमानपत्रातून कळे. मुक्तीनंतर वाट मोकळी झाली, तरी ती सुखाची नव्हती. वास्को किंवा मडगाव येथून लहान मापाच्या रुळांवरची गाडी, दूधसागराचा घाट, लोंढा, बेळगाव, आणि मग मिरजेस गाडी बदलणे. १९७० च्या आणि ८० च्या दशकांत असेच जावे लागे. परंतु त्या मिरजेस उतरण्यातही एक औचित्य होते. अब्दुल करीम खाँ तेथेच राहिले. तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसाच्या वेळी गाणे होते, आणि तंबोरे घडविणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचे. शिष्याच्या उत्सवाला जाताना गुरूच्या गावी दोन तास फलाटावर बसावे लागले, तर रसिकाने रेल्वेला दूषण देण्याचे कारण नाही.

आता मांडवाकडे वळू. आरंभीच्या वर्षांतला सभागृहातला मेळावा वाढत गेला आणि त्याला शाळेचे मैदान घ्यावे लागले; रेणुका स्वरूप शाळेचे, आणि पुढे कित्येक वर्षे रमणबागेचे. वर कापड, खाली सतरंज्या, पुढे खुर्च्या, आणि चहूबाजूंनी डिसेंबरचे पुणे. समुद्रकाठच्या माणसाला या थंडीची कल्पना नसते. तो एक स्वेटर घेऊन जातो आणि पहिल्याच रात्री बाराच्या सुमारास त्याला कळते की शेजारचे गृहस्थ कानटोपी, शाल, घोंगडी आणि थर्मास घेऊन का आले आहेत. जमिनीचा गारवा सतरंजीतून वर येतो. मांडी आखडते, पाय सोडावा तर पुढच्याच्या पाठीला लागतो. जागा धरण्यासाठी दुपारपासून माणसे बसवावी लागतात, आणि जी धरली ती जागा चहासाठी उठले की जाते. शौचालयाच्या रांगेविषयी या पवित्र वास्तूत अधिक न बोललेले बरे. मागे बसणाऱ्याला कलावंत दिसतो तो अंगठ्याएवढा. अलीकडे मोठे पडदे लावतात, त्यामुळे चेहरा दिसतो. पण पडद्याकडे पाहत गाणे ऐकावयाचे, तर मग मैदानावर यावयाचे कशाला, असाही प्रश्न पडतो.

ही झाली शरीराची दुःखे. मनाची याहून जड. ज्या एका गायकासाठी तीनशे मैल यावे, त्याचा गळा त्या रात्री बसलेला असावा. तो येणारच नाही असे ऐन वेळी जाहीर व्हावे. तो यावा, उत्तम गावा, आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात तीन रात्रींच्या जागरणाने श्रोत्याची मान छातीवर पडावी. जाग यावी ती टाळ्यांनी. ‘काय गायले हो!’ असे शेजाऱ्याने म्हणावे आणि आपणही मान डोलवावी. असा अनुभव न आलेला नियमित श्रोता बहुधा नसेल. तो कबूल करणारे मात्र थोडे.

आणि गर्दी. गर्दीचा दोष असा की तिला लवकर ऐकू येते ते आवडते. सावकाश उलगडणारी विलंबित लय हजारो माणसांना एकत्र धरून ठेवणे कठीण, म्हणून कित्येक कलावंत मैदानावर आलाप आखडता घेतात आणि द्रुत तानांकडे धाव घेतात. तबलजीने एक तिहाई जोरात मारली की मांडव दुमदुमतो. तंतकार आणि तबलजी यांची सवाल-जबाबाची लढत तर हमखास टाळी घेते. गंभीर माणसाला यात बाजार दिसतो, आणि तो तितकासा चुकत नाही. पन्नास जाणकारांच्या दिवाणखान्यातले गाणे मैदानावर जसेच्या तसे येऊ शकत नाही. त्यातच कोणी वडापाव खात येतो, कोणी मुलाला हाक मारतो, कोणी पुढच्या रांगेत बसून आपण बसलो आहोत हे चार जणांना दिसावे एवढ्यासाठी वळून वळून पाहतो. हल्ली त्यात खिशातल्या फोनची भर पडली आहे.

तरीही माणसे जात राहिली, आणि एकदा गेलेला पुनःपुन्हा गेला. याचे कारण त्या मांडवात रात्री जे घडे, ते अन्यत्र घडणे शक्य नव्हते.

आपल्याकडील रागसंगीताला घड्याळ आहे. मारवा, पूरिया हे दिवस मावळतानाचे. यमन दिवे लागल्यानंतरचा. बागेश्री, मालकंस, दरबारी हे रात्र चढत जाईल तसे. सोहनी, परज उत्तररात्रीचे. मग ललत, भटियार, रामकली, भैरव. आणि ऊन पडल्यावर तोडी, जौनपुरी. पुस्तकात ही यादी सर्वांनी वाचलेली असते. सवाई गंधर्वांच्या उत्सवात ती सलग भोगावयास मिळे, कारण तेथील बैठक रात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठे, आणि असे ओळीने तीन रात्री चाले. पहाटेच्या सुमारास अर्धा मांडव आडवा झालेला असे. उरलेले घोंगडीत गुरफटून बसत. व्यासपीठावर दोन तंबोरे जुळत. त्या वेळी जो पहिला षड्ज लागे, तो दिवसा लागणाऱ्या षड्जाहून निराळा भासे. हे मनाचे खेळ आहेत असे कोणी म्हणेल. म्हणोत. ललतातले दोन मध्यम एकापाठोपाठ कानी येतात आणि त्याच वेळी मांडवाच्या कापडाच्या शिवणींतून उजेड फाकू लागतो, तेव्हा ज्या कोण्या पूर्वसूरीने हा राग या प्रहराला नेमून दिला, त्याच्याशी वाद घालण्याची इच्छा उरत नाही.

दुसरे सुख अनोळखी नावाचे. छापील पत्रिकेत मोठी नावे पाहून माणूस येतो, आणि त्याच्या स्मरणात राहतो तो रात्री दोन वाजता बसविलेला, नाव पहिल्यांदाच ऐकलेला कोणी तरुण. या उत्सवात नव्या कलावंतांना जागा देण्याची रीत भीमसेनांच्या वेळेपासून आहे, आणि तेथे एकदा गायल्याने ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, अशा गायकांची संख्या लहान नाही. गर्दीचा जो दोष वर सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू. दिवाणखान्यातले पन्नास जाणकार नव्या माणसाला घराणे विचारतात. मैदानावरचे हजारो लोक आधी ऐकतात आणि नंतर नाव विचारतात.

तिसरे सुख सवयीचे; देवळातल्या उत्सवासारखेच. अमुक झाल्यावर तमुक होणार हे सर्वांना ठाऊक, आणि म्हणूनच त्याची वाट पाहावयाची. फिरोज दस्तूर गावयास बसले की खाँसाहेबांच्या गायकीतून आलेल्या ‘गोपाला’ची फर्माईश व्हावयाचीच, आणि ते पारशी गृहस्थ ती दरवर्षी पुरी करावयाचे. मुसलमान गुरूची चीज, हिंदू शिष्याच्या पुण्यतिथीला, पारशी प्रशिष्याच्या मुखातून. आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. समारोप भीमसेनांचा. तीन रात्रींचे जागरण अंगावर असतानाही तो चुकवून गाडी पकडणारा श्रोता विरळा.

आणि सम. एकटा माणूस घरी बसून समेवर हात टाकतो, ते वेगळे. हजारो माणसे, एकमेकांची नावे न जाणणारी, काही केवळ हौसेने आलेली, एकाच क्षणी मान खाली आणतात आणि त्यांच्या तोंडून एकच हुंकार निघतो, तो अंगावर काटा आणणारा अनुभव आहे. देवालयात आरतीच्या अखेरच्या घंटेला असे घडते, अन्यत्र क्वचित.

हे रात्रीचे गाणे आता नाही. ते का नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण हाच प्रश्न गोव्यातील देवस्थानांपुढेही उभा आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम २००० साली आले. त्यांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपकाला बंदी केली. पुढे २००२ साली, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून पंधरा दिवसांहून अधिक नाही एवढ्या मर्यादेत, रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत सविस्तर निकाल दिला आणि नियम पक्का झाला. रमणबागेतल्या रात्री त्यापूर्वीच आटोपल्या होत्या. उत्सव दुपारी सुरू होऊन रात्री दहाला उठू लागला. क्वचित एखाद्या दिवशी बारापर्यंतची सवलत. तीन रात्रींचे अधिक दिवस झाले.

रसिकांनी या नियमाला पुष्कळ नावे ठेवली. परंतु न्यायालयापुढील त्या याचिकेच्या मुळाशी काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. मदतीसाठी तिने मारलेल्या हाका शेजारच्या ध्वनिक्षेपकावरील संगीताच्या गोंगाटात बुडून गेल्या. त्याच सायंकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. ही बातमी जानेवारी १९९८ च्या वर्तमानपत्रांत आली, आणि ती वाचून एका सद्गृहस्थाने न्यायालयाचे दार ठोठावले. ज्याने ही हकीकत एकदा ऐकली, त्याला नियमाविरुद्ध तोंड वर करून बोलता येणार नाही. ललत गेला याचे दुःख खरे. पण ते कोणत्या पारड्यात घालून कशाविरुद्ध तोलावयाचे, याचे भान ठेवूनच ते केले पाहिजे. तसेच, शाळेच्या मैदानाभोवती राहणारे लोकही होतेच. त्यांच्यात आजारी होते, परीक्षेची मुले होती, आणि पहाटे कामावर जाणारा, ज्याला मालकंसाचे काही देणेघेणे नाही असा माणूसही होता. त्याने कित्येक वर्षे तीन रात्री सोसल्या, त्याचे नाव कोणत्याही स्मरणिकेत नाही.

परिणाम मात्र झाला तो झाला. दुपारचे राग सुखी झाले. भीमपलास, मुलतानी, मधुवंती, पटदीप यांची त्या मांडवात आता रेलचेल असते, आणि शुद्ध सारंगासारखा एरवी मोठ्या मैफलीत अभावानेच भेटणारा राग तेथे भेटतो. यमनापर्यंत सारे ठीक. दरबारी घाईत उरकावा लागतो. त्यापुढचे सोहनी, परज, ललत, भटियार, रामकली हे उत्तररात्र आणि पहाट यांचे राग अनाथ झाले. तरुण गायक ते शिकतात, परीक्षेला गातात, ध्वनिमुद्रणासाठी दुपारी बारा वाजता बंद खोलीत गातात. पण त्या प्रहरी, जागत्या श्रोत्यांसमोर गाण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच येतो. जो राग त्याच्या वेळी कोणी ऐकत नाही, त्याच्यातले बारकावे पिढीगणिक झिजणार, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही.

उत्सवावर इतरही आघात झाले. ते थोडक्यात सांगावयाचे. २००९ चा उत्सव स्वाइन फ्लूच्या साथीमुळे पुढे ढकलून जानेवारी २०१० मध्ये घ्यावा लागला. फिरोज दस्तूर २००८ साली आणि गंगूबाई २००९ साली गेल्या. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन गेले. उत्सवाच्या नावात गुरूंबरोबर त्यांचेही नाव जोडले गेले. २०१८ साली रमणबाग सुटली आणि मांडव मुकुंदनगरला गेला. २०२० व २०२१ या वर्षी करोनामुळे डिसेंबरात मांडवच पडला नाही. २०२२ मध्ये लोक पुन्हा जमले. भीमसेनांनंतर बरीच वर्षे समारोपाचे गायन करणाऱ्या डॉ. प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी निवर्तल्या.

राहिला प्रश्न पहाटेच्या रागांचा. नियम बारकाईने वाचला तर त्यात एक वाट मोकळी आहे. बंदिस्त वास्तूत, आवाज आतल्याआत राहील अशा रीतीने, रात्री गाण्यास मनाई नाही. म्हणजे जे मैदानाला शक्य नाही ते लहान वास्तूला शक्य आहे. गोव्यात जुन्या देवालयांचे सभामंडप आहेत, अग्रशाळांची दालने आहेत. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी त्या सभामंडपांत गायले जातच होते, आणि मागच्या खांबाला टेकून बसलेल्यालाही ऐकू येत होते. केसरबाईंचा आवाज असा की त्याला यंत्राची गरज नव्हती. पणजीला कला अकादमीत त्यांच्या नावाने समारोह होतो, तोही सभागृहात. एखाद्या देवस्थानने कोजागरीला किंवा उत्सवाच्या अखेरच्या रात्री दारे लावून, ध्वनिक्षेपकावाचून, शे-दीडशे श्रोत्यांपुरती बैठक पहाटेपर्यंत ठेवली, तर शेजाऱ्याची झोप मोडणार नाही आणि ललताला वर्षातून एकदा तरी त्याची वेळ मिळेल. खर्च एका कलावंताच्या बिदागीचा, दोन साथीदारांचा आणि चहाचा. जत्रेच्या नाटकावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो फार होऊ नये. ही सूचना महाजनमंडळींच्या पुढील सभेपुढे यावी.

पुण्याच्या मांडवात समारोपानंतर एक प्रथा अजून चालू आहे. शेवटचा कलावंत उठला की सवाई गंधर्वांनी गायलेल्या भैरवीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावतात. जुन्या तबकडीवरची, तीन-चार मिनिटांची. पूर्वी ती वाजे तेव्हा उजाडलेले असे. आता ती रात्री दहाच्या आत वाजते. भैरवीचे एक बरे आहे. मूळची ती सकाळची खरी, परंतु मैफल संपविण्यासाठी ती कोणत्याही वेळी गाण्याची मुभा परंपरेनेच दिलेली आहे.